वसतिगृहातील बालक आणि गृहपतीचे कर्तव्य

शाळेतील मूल दिवसाचे पाच-सहा तास शिक्षकाच्या स्वाधीन असते. शेवटची घंटा झाली म्हणजे ते घरी परतते, आणि त्यानंतर त्याची भूक, त्याचे दुखणेखुपणे, त्याचे रुसवेफुगवे ही सारी आईच्या पदरात पडतात. वसतिगृहातील मुलाला हा परतीचा रस्ता नसतो. दिवेलागणीची वेळ झाली की त्याला घराची आठवण येते; परंतु समोर असतात ते गुरुजी, स्वयंपाकाच्या मावशी आणि आपल्यासारखीच आठवणीने व्याकूळ झालेली दुसरी मुले. म्हणून वसतिगृह चालविणे हे दोन वेळचे अन्न व निजावयास जागा एवढ्यावर संपणारे काम नाही. जे मूल काही महिन्यांकरिता मातापित्यांना अंतरले आहे त्याचे पालकत्व स्वीकारणे, असाच त्याचा अर्थ आहे.

हे काम आज अनेक प्रकारच्या संस्थांतून चालते. आदिवासी भागातील आश्रमशाळा, मुलींसाठी असलेली कस्तुरबा गांधी बालिका विद्यालये, समाजकल्याण खात्याची व खाजगी संस्थांची वसतिगृहे ही त्यांपैकी काही होत. खेड्यातील प्राथमिक शिक्षकाला मात्र सर्वांत जवळचे असे वसतिगृह म्हणजे ऊसतोड कामगारांच्या मुलांकरिता गावातच भरणारे हंगामी वसतिगृह. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडसारख्या जिल्ह्यांतील गावेच्या गावे ओस पडू लागतात. नवराबायकोची जोडी, म्हणजे मुकादमाच्या हिशेबातील एक ‘कोयता’, उचल घेऊन कारखान्याच्या वाटेला लागते. मूल मागे ठेवण्याची सोय नसेल तर तेही बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरमध्ये चढते. थोरल्या मुलीला तर बहुधा न्यावेच लागते. कारण कोपीवर धाकट्या भावंडाला सांभाळणार कोण? अशा रीतीने हजेरीपटावरील नाव कार्तिकात लुप्त होते आणि चैत्र-वैशाखात परत आलेल्या मुलाला वाचलेले विसरलेले असते. दोन-तीन हंगाम असे गेले म्हणजे ते मूल शाळेला कायमचे पारखे होते. आणि मुलगी असली तर एकटी कोठे ठेवावयाची या धास्तीने तिचे लग्न लवकर उरकले जाते.

तेव्हा हंगामी वसतिगृह नीट चालणे अथवा न चालणे यावर काही मुलांचे सारे पुढील आयुष्य अवलंबून असते. आईवडील मूल मागे ठेवतात ते शासनाच्या परिपत्रकावर विसंबून नव्हे, तर गावातील गुरुजींवर व बाईंवर विश्वास टाकून. तो विश्वास एकदा ढळला की पुढील वर्षी गाडीत एक मूल अधिक चढते.

पूर्वसूरींचा धडा

या कार्यात महाराष्ट्राला थोर परंपरा लाभली आहे. छत्रपती शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढविले आणि पुढे निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना आश्रय दिला. अस्पृश्य मानलेल्या समाजातील मुलांसाठी १९०८ साली मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. खेड्यातील मुलाच्या शिक्षणात खरी अडचण बुद्धीची नसून शहरात राहण्याजेवण्याची आहे, हे महाराजांनी ओळखले होते. त्या काळच्या समाजस्थितीमुळे ही वसतिगृहे बहुतांशी जातवार होती.

त्यापुढील पाऊल कर्मवीर भाऊराव पाटील यांनी टाकले. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली व १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह निघाले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. येथे सर्व जातिधर्मांची मुले एका छपराखाली राहत, एका पंगतीस जेवत, आणि दळण, स्वयंपाक, झाडलोट, शेतीकाम ही कामे स्वतः करीत. मुलांना उपाशी निजावे लागू नये म्हणून कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरील दागिने मोडले व अखेर मंगळसूत्रही दिले, ही हकीकत सर्वश्रुत आहे.

तिसरा धडा साने गुरुजींचा. १९२४ ते १९३० या काळात अमळनेर येथील शाळेत शिक्षक असताना छात्रालयाची व्यवस्था त्यांच्याकडे आली. मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त दिसल्या तर रागावण्याऐवजी गुरुजी स्वतः अंथरुणे नीट घालीत, भांडी घाशीत, कपडे धूत, आजारी मुलापाशी बसून राहत. मुले खजील होत व हळूहळू आपली कामे आपण करू लागत. मुलांसाठी ते हाताने लिहिलेले ‘छात्रालय दैनिक’ काढीत.

वसतिगृहाचे दार सर्वांना उघडे असणे, आत आल्यावर पंगत व श्रम समान असणे, आणि या दोहोंवर मातेच्या मायेची पाखर असणे, असे हे तीन धडे आहेत. यांपैकी एकही उणा पडला तर बाकीचे दोन लंगडे होतात.

पहिला पंधरवडा

मूल वसतिगृहात रुळते की उन्मळते हे बहुधा पहिल्या पंधरवड्यात ठरते. घराची ओढ लागलेले प्रत्येक मूल रडतेच असे नाही. कोणी जेवण टाकते, कोणी पोट दुखते म्हणून सांगते, कोणी उगाच भांडण उकरून काढते, तर कोणी अगदी गप्प होते. शेवटचे मूल शहाणे म्हणून वाखाणले जाते व विसरले जाते. वस्तुतः त्याच्याकडेच अधिक लक्ष हवे.

“रडू नकोस, मोठा झालास ना?” असे म्हटल्याने रडे थांबते, दुःख थांबत नाही. त्यापेक्षा घरची चौकशी करावी: शेळी कोणाकडे ठेवली, धाकटीला चालता येऊ लागले का, आजीचे गुडघे कसे आहेत. घराचे नाव काढल्याने मूल अधिक रडेल ही समजूत चुकीची आहे. जे मनात आहे ते बोलावयास कोणी भेटले की मन हलके होते. घरून आणलेली जुनी गोधडी कितीही विटलेली असली तरी मुलाजवळ राहू द्यावी. तिला आईच्या हाताचा वास असतो. प्रत्येक नव्या मुलाला एक वरच्या इयत्तेतील ‘दादा’ किंवा ‘ताई’ नेमून द्यावी. तिने पाणी कोठे, शौचालय कोठे, रात्री भीती वाटली तर कोणाला उठवावयाचे, हे दाखवावे.

आईवडिलांशी दूरध्वनीवरून बोलण्याचा वार व वेळ ठरलेली असावी, आणि ती काही झाले तरी पाळावी. ठरलेला वार चुकला तर मुलाला आठवडाभर चैन पडत नाही. गुन्ह्याची शिक्षा म्हणून घरच्यांशी बोलणे कधीही बंद करू नये.

इतके करूनही एखादे मूल पळून जाते. ते बहुधा घराच्या किंवा नातलगाच्या वाटेला लागते. म्हणून प्रवेशाच्या वेळीच आजोळ, आत्याचे गाव व वाडीवस्तीची वाट वहीत टिपून ठेवावी. मूल दिसेनासे झाल्याबरोबर पालक, मुख्याध्यापक व पोलीस यांना कळवावे. बदनामीच्या भीतीने घटकाभरही दडवू नये. मूल सापडून परत आले की आधी त्याला जेवू घालावे, निजू द्यावे, आणि मग का गेलास हे विचारावे. परत येताच मार मिळाला तर ते दुसऱ्यांदा अधिक हुशारीने पळेल.

दिनचर्या

लहान मुलाला स्वातंत्र्यापेक्षा नियमिततेचा आधार अधिक वाटतो. पुढे काय होणार हे ठाऊक असले म्हणजे मन निर्धास्त राहते. उठणे, प्रार्थना, आंघोळ, न्याहारी, शाळा, खेळ, अभ्यास, जेवण व निद्रा यांच्या वेळा भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहाव्यात व गृहपतीने त्या स्वतः पाळाव्यात. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निदान नऊ तास झोप हवी, याचा अनेक ठिकाणी विसर पडतो. पहाटे चारला उठविणे हे शिस्तीचे लक्षण समजले जाते. परंतु रात्री दहाला निजलेले मूल चारला उठविले तर ते वर्गात पेंगणार, आणि तेथे त्याला आळशी म्हणून बोल लागणार.

दिवसात निदान एक तास असा असावा की ज्यात मुलाने काय करावे हे कोणी सांगू नये. घरी मूल ओट्यावर बसून नुसते रस्त्याकडे पाहते. त्यालाही विसाव्याची गरज असते.

श्रमवाटप आठवड्याच्या पाळीने करावे. झाडणे, पाणी भरणे, वाढणे ही कामे मुलगे व मुली, सर्व जातींची मुले, लहान व मोठी, सर्वांच्या वाट्याला वयोमानाप्रमाणे यावीत. येथे दोन पथ्ये पाळावी लागतात. शौचालय सफाई विशिष्ट मुलांकडेच वारंवार जात नाही ना, हे वहीवरून पाहावे. पाळीच्या नावाखाली जुना अन्याय परत शिरू शकतो. आणि मुलांचे श्रम हे शिक्षणासाठी आहेत, नोकराची बचत करण्यासाठी नाहीत. मोठ्या कढया उतरविणे, विहिरीवरून पाणी शेंदणे, रॉकेल वा गॅस हाताळणे ही कामे लहान मुलांना सांगू नयेत.

पंगत

वसतिगृहाची खरी परीक्षा पंगतीत होते. सर्वांनी एकत्र बसावे, मिसळून बसावे, आणि गृहपतीने त्याच पंगतीत तेच अन्न खावे. ज्या ठिकाणी गुरुजींचा डबा घरून येतो तेथील आमटी हळूहळू पातळ होत जाते, हा सार्वत्रिक अनुभव आहे. पंगतीच्या शेवटी बसलेल्यास पहिल्याइतकीच भाजी मिळते की नाही, लहान मूल दुसऱ्यांदा मागण्यास लाजते काय, या गोष्टी जेवावयास बसल्याशिवाय कळत नाहीत.

आलेले धान्य, तेल व डाळ आणि दररोज शिजविलेले प्रमाण एका फळ्यावर लिहावे. दर महिन्यास मुलांतूनच दोघातिघांची भोजन समिती निवडावी. कोठारातून धान्य काढताना त्यांच्यापैकी एकाने वजन पाहावे व वहीत लिहावे. यायोगे हिशेब चोख राहतो, व मुलांना गणित आणि लोकशाही या दोहोंचा पाठ मिळतो. शाळा व्यवस्थापन समितीचे सभासद केव्हाही अचानक येऊन जेवून जावेत, असा रिवाज पाडावा.

उदाहरणार्थ, समजा वसतिगृहात पेटीतील खाऊ नाहीसा होऊ लागला. पेट्या तपासून चोर पकडावा व सर्वांदेखत उभा करावा, हा पहिला विचार मनात येतो. परंतु चोरीला जाते ते शेंगदाणे, लाडू, भाकरीचा तुकडाच. पैसा वा पेन्सिल जात नाही. तेव्हा घड्याळ पाहावे. सायंकाळचे जेवण साडेसहाला होते आणि सकाळची न्याहारी नऊला, म्हणजे मध्ये साडेचौदा तासांचे अंतर पडते. हा चोर भुकेला आहे. जेवण तासभर उशिरा करून सकाळी उठल्यावर मूठभर गूळशेंगदाणे दिले तर ही ‘चोरी’ बहुतेक आपोआप थांबते. मुलाच्या प्रत्येक अपराधामागे व्यवस्थेचा काही दोष दडलेला आहे काय, हे आधी पाहावे.

दुखणेखुपणे

घरी मूल कण्हले की आई जागी होते. वसतिगृहात तीस-चाळीस मुलांत एखाद्याचे कण्हणे विरून जाते. म्हणून रात्री निजण्यापूर्वी कंदील अथवा विजेरी घेऊन एक फेरी मारण्याचा नेम असावा, व मध्यरात्री हाक मारता येईल अशा अंतरावर एक जबाबदार वडीलधारी व्यक्ती निजलेली असावी. मुलींच्या वसतिगृहात ती व्यक्ती स्त्रीच असावी.

खरूज हा वसतिगृहांचा जुना शत्रू आहे. रात्री वाढणारी खाज व बोटांच्या बेचक्यांतील पुरळ दिसताच डॉक्टरांना दाखवावे. एकट्या मुलास मलम लावून भागत नाही. एकत्र निजणाऱ्या सर्वांवर एकाच वेळी उपचार करावा व त्याच दिवशी कपडे-अंथरुणे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावीत. नाहीतर खरूज फिरून फिरून येते व दोष औषधाला लागतो.

जुलाब होऊ लागल्यास जलसंजीवनी ताबडतोब सुरू करावी. तयार पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून घोटघोट पाजावे. चमचा चहाचा असावा. मूल निस्तेज झाले, डोळे खोल गेले वा लघवी कमी झाली तर दवाखाना गाठावा.

भुईवर निजणाऱ्या मुलांना मण्यार सर्पाचे भय असते. हा साप रात्री हिंडतो. त्याचा दंश पुष्कळदा दुखत नाही व खूणही नीट दिसत नाही. पहाटे उठलेल्या मुलाचे पोट दुखत आहे, पापण्या जड होऊन मिटत आहेत, गिळता येत नाही, अशी लक्षणे दिसली तर खूण शोधीत बसू नये. मांत्रिक, चिरा देणे, घट्ट बांधणे या साऱ्यांत घटका जातात आणि मूलही जाते. त्याला चालू न देता, हालचाल न करविता, सर्पविषावरील लस असलेल्या रुग्णालयात तत्काळ न्यावे. खाटा मिळवाव्यात, निदान मच्छरदाणी गादीखाली खोचून निजवावे; निजण्याच्या खोलीत धान्य व सरपण साठवू नये, कारण तेथे उंदीर येतात आणि उंदरांच्या मागोमाग साप.

अंथरूण ओले करणाऱ्या मुलाचा प्रश्न नाजूक असतो. लहान वयात हे पुष्कळ मुलांच्या बाबतीत घडते, आणि घर सुटल्याच्या भयाने बंद झालेली सवय परत येऊ शकते. त्या मुलाला निजण्यापूर्वी लघवीस पाठवावे, शौचालयाच्या वाटेवर दिवा ठेवावा, आणि सकाळी अंथरूण गाजावाजा न करता वाळत घालावे. त्याची थट्टा होऊ देणे हा मुलावर मोठा अन्याय आहे. पुष्कळ दिवस चालले, अथवा तहान व लघवी दोन्ही वाढली, तर वैद्यकीय तपासणी करावी.

शिस्त आणि अभय

२००९ च्या बालकांच्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केली आहे. कायदा नसता तरीही वसतिगृहात छडीला स्थान नसते. कारण शाळेत मार खाल्लेले मूल घरी जाऊन आईच्या कुशीत शिरते, आणि येथे तर मारणाऱ्याच्याच आश्रयाला त्याला रात्र काढावी लागते. भांडण झाले तर दोघांचे म्हणणे वेगवेगळे ऐकावे. मोडले असेल ते दुरुस्त करावयास लावावे. सांडले असेल ते पुसावयास लावावे. शनिवारी रात्री सर्वांनी गोल बसून आठवड्याच्या तक्रारी मांडाव्यात. त्या सभेत गृहपतीविरुद्धची तक्रारही ऐकली जाते, असे मुलांना दिसले पाहिजे.

मोठ्या मुलांनी लहानांवर गुलामी लादणे, आणि त्याहून भयंकर म्हणजे मोठ्या माणसाने मुलाच्या शरीराशी गैरवर्तन करणे, हे प्रकार बंद दारांआड वाढतात. आपल्या शरीराला कोणी नकोसा स्पर्श केला तर ओरडावे, तेथून निघावे व सांगावे, हे मुलामुलींना स्पष्ट शब्दांत शिकवावे. अशा घटनेची माहिती मिळताच ती पोलिसांना कळविणे २०१२ च्या बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याने बंधनकारक आहे. गावकीत मिटविणे हा गुन्हा आहे. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक मुलांच्या नजरेच्या उंचीवर भिंतीवर रंगवावा. मूल असे काही सांगू लागले तर प्रथम त्यावर विश्वास ठेवावा. धीर एकवटून सांगितलेली गोष्ट खोटी ठरविली गेली तर ते मूल पुन्हा कोणालाच काही सांगणार नाही.

परतीचा दिवस

पालक हे वसतिगृहाचे आश्रित नव्हेत, भागीदार आहेत. फडावर उन्हात राबणाऱ्या आईला मुलाचे वजन वाढले, त्याचा दात पडला, त्याने धडा न अडखळता वाचला, एवढे कळले तरी तिचा दिवस सुखाचा जातो. केवळ तक्रारीसाठी घरी निरोप पाठविणारी शाळा पालकांना परकी वाटू लागते.

हंगाम संपला की गाड्या गावात परततात आणि मुले वेशीपर्यंत धावत जातात. त्या दिवशी मूल आईला बिलगून गुरुजींकडे पाठ फिरवील, तर त्याचे वाईट वाटून घेऊ नये. ज्याला घराची ओढ शाबूत आहे ते मूल निरोगी मनाचे आहे. वसतिगृहाने घराची जागा घ्यावयाची नसते. घर दूर असताना त्याची ऊब टिकवून धरावयाची असते.

कार्तिकात पुन्हा गाड्या जुंपल्या जातील. त्या वेळी एखादी आई मुलाचा हात गुरुजींच्या हातात देऊन, मागे वळून न पाहता गाडीत बसली, तर गेल्या वर्षीचे वसतिगृह नीट चालले असे समजावे. कोणत्याही तपासणी अहवालातील शेऱ्याहून ती साक्ष मोठी आहे, आणि ती मिळविणे प्रत्येक शिक्षकबंधूच्या व भगिनीच्या हातात आहे.